तीन मुलं, एकच कालखंड

घरची शाळा : लेखांक 6

गणिताचा बोजा पालकांना आपोआप कळतो. बेरीज पक्की झाल्याशिवाय गुणाकाराला हात घालता येत नाही, तिथे विषयच आपल्याला थांबवतो. इतिहासात असं कुणी थांबवत नाही. अश्मयुग महत्त्वाचं, मौर्य महत्त्वाचे, फ्रेंच राज्यक्रांती हवी आणि संयुक्त महाराष्ट्र तर हवाच. त्यामुळे होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत सगळ्यात आधी फुगतो तो हा विषय. बालभारतीची पुस्तकं, जोडीला एनसीईआरटीची, अमर चित्रकथांचा संच, वर अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेला जगाचा इतिहास. जूनमध्ये ही रास उत्साहाने मांडली जाते आणि गणपती येईपर्यंत आई थकलेली असते.

समजा, घरात सहा, नऊ आणि तेरा वर्षांची मुलं आहेत. राज्याच्या अभ्यासक्रमात चौथीला शिवछत्रपती, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग आणि आठवीला आधुनिक भारत येतो. त्या हिशेबाने मधल्याला प्रतापगड, थोरलीला 1857, आणि धाकट्याला हा विषयच नाही, म्हणजे तो तेवढा वेळ दोघांच्या मध्ये लुडबुडणार. शाळेत ही विभागणी चालते, कारण तिथे प्रत्येक वर्गाला वेगळे शिक्षक असतात. घरात शिकवणारं माणूस बहुतेक वेळा एकच असतं. त्याने एकाच सकाळी दोन शतकांत उड्या का माराव्यात?

माझं मत स्पष्ट आहे: घरात एका वेळी एकच कालखंड चालावा. वयानुसार बदलायचं ते मुलांकडून मागायचं काम.

अमेरिकेतल्या होमस्कूलिंग करणाऱ्यांत याची एक रुळलेली पद्धत आहे. सुझन वाइज बाउअर यांनी ती विशेष लोकप्रिय केली. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक युगाचा आरंभ आणि आधुनिक असे चार टप्पे चार वर्षांत घ्यायचे आणि बारावीपर्यंत हे चक्र तीनदा फिरवायचं. तिकडची मराठी कुटुंबंही ते वापरतात. त्यातला मोठा दिलासा असा की आज धाकट्याच्या कानावरून गेलेलं चार वर्षांनी पुन्हा येणार असतं, त्यामुळे सगळं आत्ताच डोक्यात घालायची घाई राहत नाही. फक्त चार वर्षं ही काही दगडावरची रेघ समजू नये. आपल्याकडे मराठ्यांच्या इतिहासाला एक अख्खं सत्र द्यावंसं वाटलं, तर द्यावं.

तेच सत्र घेऊ. शिवकालातले सहा-सात प्रसंग निवडायचे: प्रतापगड 1659, पन्हाळ्याहून सुटका 1660, लाल महाल 1663, पुरंदरचा तह 1665, आग्रा 1666, राज्याभिषेक 1674. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तिघांना एकत्र बसवून मोठ्याने वाचायचं. एका प्रसंगाला दोन आठवडे लागले तरी हरकत नाही.

सहा वर्षांच्या मुलाने फक्त ऐकायचं. चित्र काढावंसं वाटलं तर काढू दे. त्याच्याकडून वही, प्रश्नोत्तरं, सनावळी यातलं काहीही मागू नये. इंग्लंडच्या शार्लट मेसन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच म्हटलं होतं की सहा वर्षांच्या आतल्या मुलाला ऐकलेलं परत सांगायला लावू नये, आपणहून सांगितलं तर ऐकावं. सहावं नुकतंच ओलांडलेल्या मुलालाही ही सूट द्यायला माझी ना नाही. (अफजलखानाच्या भेटीतला कोथळा सांगावा का, असं अनेक पालक विचारतात. तुम्ही गाळलात तरी मधला भाऊ सांगतोच.)

नऊ वर्षांच्या मुलाने ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं, दोन-चार ओळी लिहायच्या आणि भिंतीवरच्या कालपट्टीवर एक चिठ्ठी चिकटवायची. पुरंदरच्या आठवड्यात त्याला मुरारबाजी आवडेल, पण नकाशाचं काम याच वेळी द्यावं. तहात 23 किल्ले मोगलांना गेले आणि 12 राहिले. त्यातले सापडतील तेवढे नकाशावर दोन रंगांनी दाखवायला सांगा. हातचं किती गेलं हे त्याला दोन रंग बघूनच कळतं, वेगळा धडा लागत नाही.

तेरा वर्षांच्या मुलीला मात्र गोष्ट पुरत नाही. तिला पुरावा द्यायचा. शिवजन्माची तारीख हा उत्तम विषय आहे: काही बखरींत 1627 साल येतं, तर लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. कुठलं साधन घटनेच्या जवळचं, कुठलं नंतरचं, कोण कुणासाठी लिहीत होतं, हे ती शोधेल. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली. ती आकाराने लहान आहे, भाषा जुनी असली तरी मोठ्याने वाचल्यावर उलगडते. थोरलीने आठवड्याला दोन तास असं स्वतःचं वाचन करावं आणि महिन्याला एक नीट लिहिलेलं पान द्यावं. एवढं खूप झालं.

किल्ल्यावर जाल तर ते त्या आठवड्याचं काम धरा. आधी वाचन, वर कार्यपत्रिका आणि परतल्यावर निबंध असं करून चांगल्या सहलीची माती करणारे पालक कमी नाहीत. 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या 12 किल्ल्यांपैकी 11 महाराष्ट्रात आहेत. बारावा, जिंजी, तमिळनाडूत. थोरलीने सभासदाची बखर वाचली असेल तर त्याचं नाव तिला नवं वाटणार नाही.

ही एकत्र व्यवस्था मोडते ती दहावीपाशी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) दहावीची परीक्षा 14 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. पाच विषय लागतात, त्यात एक किंवा दोन भाषा. सामाजिक शास्त्र घेतलंच पाहिजे असं नाही. मुलीला ते नको असेल, तर घरातला इतिहास परीक्षेपासून मोकळा राहतो आणि वर सांगितलेलं सगळं चालू ठेवता येतं. खासगी विद्यार्थ्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी द्यायची असेल, तर चित्र वेगळं. तिथे इतिहास व राज्यशास्त्राची 40 गुणांची प्रश्नपत्रिका असते आणि पुस्तकात इतिहासलेखन, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन असे विषय आहेत. शिवकाल कितीही वाचला तरी ते पुस्तक वेगळं करावंच लागतं. त्या वर्षी थोरलीला भावंडांच्या वाचनातून मोकळं करा. दोन्ही ओझी एकदम देऊ नका.

पुढच्या लेखांकात भूगोल. तोवर घरातल्या इतिहासाच्या पुस्तकांपैकी या सत्राला लागतील तेवढीच बाहेर ठेवा आणि बाकीची माळ्यावर टाका.