कार्डाची भूक आणि सप्लायचा दम

गेम रंगात आलेला असतो आणि कॉम्प्युटर अचानक बंद पडतो. दोष बहुतेकदा नव्या ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारला जातो. पण आधी पॉवर सप्लायच्या बाजूचं लेबल वाचा. 'वॉट'च्या मोठ्या आकड्यावर थांबू नका, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. कार्डाची भूक तिथूनच भागते.

उदाहरणादाखल एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० हे कार्ड घ्या. त्याची गरज ३२० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ २७ अँपिअर. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, आठ पिनांची प्रत्येक जोडणी १५० वॉट. बाकीचा कॉम्प्युटर धरूनही ५५० वॉट पुरतील असं वाटतं. कंपनी मात्र ७५० सांगते, आणि ते मला पटतं. कारण कार्ड एकसारखी वीज ओढत नाही. पडद्यावरचं दृश्य बदललं की सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरती मागणी एकदम खूप वर उसळते. सप्लायला तो झटका पेलवला नाही, तर तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. म्हणूनच पॉवर सप्लायसाठीच्या २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात असे झटके सोसण्याची अट घातली गेली.

सप्लायवरचा '८० प्लस गोल्ड'चा शिक्का फक्त वीज किती कमी वाया जाते ते सांगतो, झटके पेलण्याचा दम नाही. आणि कळकळीनं सांगते, सुट्या केबल एका सप्लायच्या दुसऱ्याला लावू नका. पिना बसतात, पण आतला तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि कार्ड जळू शकतं.