वारसा एक, शब्द चार!
आजोबांचा फ्लॅट, बाबांचं टक्कल, घराण्याची गायकी... आपल्याकडे सगळं 'वारशानं' मिळतं. जपानीत अशी सरमिसळ चालत नाही, बॉस! टक्कल जनुकांतून आलं, म्हणजे 'इदेन'. गायकी पुढे चालवली, तर 'केइशो'. (जपानी क्लायंटवाल्या पुणेकरांनो, कोडमधलं इनहेरिटन्सही 'केइशो'च!) बाबांसारखाच तापटपणा? तो 'ओयायुझुरी', आईबापांनी दिलेला.

फ्लॅट मात्र 'सोझोकु'. इथे जरा जपून, कारण जपानी कायद्यात सोझोकुबरोबर कर्जही गळ्यात पडतं. नको असेल तर वारसा आपल्याकडे आल्याचं कळल्यापासून ३ महिन्यांत कौटुंबिक न्यायालयात 'सोझोकु होकी' करायचं, म्हणजे रीतसर नकार द्यायचा. पण मग फ्लॅटही गेला. कर्ज तेवढं सोडतो, हे चालत नाही.