लांबी विचारा, वजनावर थांबू नका

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, मुंबईच्या उपनगरातलं कुठलंही प्रसूतिगृह घ्या. बाळ झाल्याचा फोन गावी गेला, की मुलगा की मुलगी यानंतरचा प्रश्न ठरलेला : वजन किती? ‘पावणेतीन किलो’ ऐकलं की आजीचा जीव भांड्यात पडतो. डिस्चार्ज कार्डावर लांबी आणि डोक्याचा घेर असे आणखी दोन रकाने असतात. त्यांची चौकशी सहसा होत नाही. हे आकडे ‘नॉर्मल’ आहेत, हे डॉक्टर कशाच्या आधारावर सांगतात, हेही कुणी विचारत नाही. या प्रश्नाच्या उत्तरात नागपूरचा मोठा वाटा आहे.

कमी वजनाचं बाळ ओळखण्यासाठी अडीच किलोची रेघ शंभरेक वर्षांपूर्वी फिनलंडच्या एका बालरोगतज्ज्ञाने सुचवली. ती सोपी होती म्हणून जगभर टिकली, पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली. छत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं २ किलो ४०० ग्रॅमचं बाळ आपल्या दिवसांच्या मानाने ठीक असतं. चाळीस आठवडे पूर्ण करून तेवढंच वजन भरलं, तर पोटात त्याची वाढ अडली होती का, हे पाहावं लागतं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉ. लुला लुबचेन्को यांनी आठवड्यांनुसार वजनाचा तक्ता मांडला आणि हा गुंता सुटायला लागला. पण डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि इतक्या उंचीवर बाळं थोडी हलकी जन्मतात. म्हणजे तो तक्ता एका गावातल्या बाळांची नोंद होता.

अशा नोंदीतला धोका आपल्याला जास्त जवळचा आहे. जिथे आईच्या अंगात रक्त कमी, लग्न लवकर आणि जेवण अपुरं, तिथल्या बाळांची सरासरी काढली तर कुपोषणच ‘नॉर्मल’ ठरतं. ‘आपल्याकडची बाळं लहानखुरीच असतात’ हे वाक्य त्यातूनच रुजलं.

इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने प्रश्नच उलटा विचारला : आई निरोगी असेल, तिचं पोषण नीट झालं असेल आणि दिवस अचूक मोजले असतील, तर बाळ केवढं असायला हवं? त्यासाठी आठ ठिकाणं निवडली : पेलोटास, ट्युरिन, मस्कत, ऑक्सफर्ड, सिएटल, नैरोबी, बीजिंगजवळचं शुन्यी आणि भारतातून नागपूर. नागपूरच्या केतकर हॉस्पिटलमधून डॉ. मनोरमा पुरवार यांनी इथल्या कामाची धुरा सांभाळली. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नवजात बाळांची मानकं प्रसिद्ध झाली, ती २०,४८६ बाळांच्या मापांवरून.

निष्कर्ष प्रत्येक आईबापाला ठाऊक असावा असा आहे. जन्मावेळच्या लांबीत जेवढा फरक दिसला, त्यातला जेमतेम साडेतीन टक्के ठिकाण बदलल्यामुळे होता. बाकीचा सगळा फरक एकाच गावातल्या बाळाबाळांमधला. वजनात चढउतार अधिक होते, पण लांबी सगळीकडे साडेएकोणपन्नास सेंटिमीटरच्या आसपास. आईची काळजी घेतली गेली, तर नागपूरचं बाळ ऑक्सफर्डच्या बाळाएवढं लांब होतं.

काळजी कमी पडली की काय होतं, ते पुण्याजवळच्या सहा गावांत दिसलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. वजन सरासरी २.७ किलो, तिकडे ३.५. लांबी, डोकं, दंड, पोट सगळंच कमी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून किरकोळ, आतून चरबी राखून असलेलं हे बाळ २००३ मध्ये जगासमोर आलं. पुढे मधुमेहाचा धोका वाढवणारी ही ठेवण नुसत्या वजनकाट्यावर दिसत नाही.

माप घेण्यातच चूक झाली, तर उत्तम तक्ताही कामाचा नाही. रडून पाय आखडलेल्या बाळाला टेपने मोजलं, की एक-दोन सेंटिमीटर सहज चुकतात. लांबीसाठी इन्फंटोमीटर लागतो, म्हणजे डोक्याकडे पक्की आणि पायाकडे सरकणारी फळी असलेला सपाट पाट. एकाने डोकं पक्क्या फळीला टेकवून बाळाची नजर सरळ वर राहील असं धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके सरळ करून सरकती फळी तळव्यांना लावायची. इंटरग्रोथमध्ये दोघं आपापली मापं वेगवेगळी घेत. लांबीत सात किंवा डोक्याच्या घेरात पाच मिलिमीटरहून जास्त फरक आला, तर पुन्हा मोजत. डोक्यासाठी न ताणणारी टेप भुवयांच्या वरून, मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवतात. ब्राझीलमध्ये बाळांचं डोकं लहान राहण्याशी जोडलेल्या झिका विषाणूची साथ आली, तेव्हा लहान डोक्याची मर्यादा आधी ३३ सेंटिमीटर, मग ३२ आणि २०१६ मध्ये मुलांसाठी ३१.९, मुलींसाठी ३१.५ झाली. अशा वेळी मापातल्या एका सेंटिमीटरच्या चुकीने हजारो घरांत उगाच भीती शिरली असती, किंवा खरा आजार सुटला असता.

म्हणून घरी निघण्यापूर्वी कार्डावर चार गोष्टी पाहा : पूर्ण झालेले आठवडे, वजन, लांबी, डोक्याचा घेर. लांबी इन्फंटोमीटरवर घेतली का, हे विचारायला संकोच नको. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, त्याने घाबरू नका. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींना जाल तेव्हा तिन्ही मापं पुन्हा घ्यायला सांगा. एका आकड्यापेक्षा वाढीची रेघ जास्त सांगते. आणि महापालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहात एक चांगला इन्फंटोमीटर आणि तो वापरायला शिकलेली दोन माणसं असलीच पाहिजेत. खर्च थोडा आहे, आणि बाळाच्या वाढीबद्दलचा पुढचा प्रत्येक निर्णय याच पहिल्या मापावर उभा राहणार आहे.