फोन जातो, पण येत नाहीं

आमचें धर्माबाद मिरचीच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. गांव अगदीं महाराष्ट्राच्या सीमेवर. रेल्वेनें निजामाबादकडे निघालें कीं लागलीच तेलंगणांतील बासर लागतें. त्यामुळें येथील आडत्याच्या दुकानीं मराठी, तेलुगु आणि उर्दू अशा तिन्ही भाषांतून भावाची विचारपूस होते, आणि हल्लीं ती बहुतेक फोनवरूनच होते. फोन लागला नाहीं म्हणून शेतकरी भांडावयास येत नाहीं. तो आपलीं पोतीं दुसऱ्या दुकानीं उतरवितो. न लागलेल्या फोनचा हा विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ज्याचें नुकसान होतें, त्याला तें कळतच नाहीं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानीं गेल्या हंगामांत असेंच घडलें. त्यानें तारेचा फोन काढून इंटरनेटवरून चालणारी व्यवस्था बसविली होती: क्रमांक एक, बोलण्याचीं यंत्रें तीन, आणि आलेला फोन त्यांत वांटून देणारी एक पेटी. एके दिवशीं एक वृद्ध शेतकरी येऊन म्हणाला, "शेटजी, तीन दिस झाले फोन लावायलोय, लागंना. शेवटी माल दुसरीकडं देऊन टाकला." विद्यार्थी चकित झाला. मला म्हणाला, "गुरुजी, आमचा फोन तर उत्तम चालतो. सकाळपासून दहा ठिकाणीं बोललों आहे."

या एका वाक्यांतच सारी चूक होती. बाहेर जाणारा फोन आणि आंत येणारा फोन हीं दोन निराळीं कामें आहेत. एक नीट चालतें म्हणून दुसरेंही चालत असलें पाहिजे, असें अनुमान काढतां येत नाहीं. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. या शास्त्राचा पंडित नव्हें. परंतु दुरुस्तीच्या कारागिराजवळ दोन दिवस बसून जें समजून घेतलें, तें आपणांपुढें ठेवितों.

१८८२ सालीं मुंबईस टेलिफोन एक्सचेंज सुरू झालें. तेव्हांपासूनच्या तारेच्या व्यवस्थेंत एक्सचेंजपासून आपल्या घरापर्यंत आलेली तार हाच आपला पत्ता असे. इंटरनेटवर अशी राखून ठेवलेली तार नाहीं. बाहेर फोन करावयाचा तर आपली पेटी स्वतःच कंपनीच्या दारीं जाते. पण बाहेरचा फोन आंत यावयाचा, तर आपण कोठें आहों हें कंपनीला आधीं ठाऊक पाहिजे. म्हणून पेटीनें वरचेवर कळवावें लागतें, कीं 'हा क्रमांक सध्यां या पत्त्यावर आहे.' याला नोंदणी म्हणतात. मी हजेरी म्हणतों. ही हजेरी मुदतीची असते. पुष्कळ ठिकाणीं ती मुदत ३६०० सेकंद, म्हणजे एक तास, असते.

आतां दुकान आणि इंटरनेट यांच्यामध्यें राउटर असतो. तो वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्यासारखा वागतो. आंतील कोणी बाहेर कोणाशीं बोललें असेल, तर त्याचें उत्तर घेऊन येणाऱ्यास तो आंत सोडतो. इतरांस परत लावतो. नियम चांगला आहे. पण पहारेकऱ्याची स्मरणशक्ति थोडी. कांहीं राउटर ३० सेकंदांत, कांहीं दोन-चार मिनिटांत मागचें बोलणें विसरतात. आतां गणित पाहा. हजेरी एका तासाची आणि स्मरण एका मिनिटाचें! उरलेलीं ५९ मिनिटें कंपनीच्या हजेरीपटावर मुलगा 'हजर' आहे, आणि प्रत्यक्षांत त्याच्याकडे जाणारें दार बंद आहे. पस्तीस वर्षें हजेरी घेतलेल्या माणसाला हा प्रकार अगदींच अपरिचित नाहीं.

याच कारणानें ही खोड तपासणाऱ्यालाही फसविते. कारागीर दुकानांतून आपल्या मोबाइलवर फोन करतो, आणि मग मोबाइलवरून दुकानाला करतो. तो लागतो! लागणारच; कारण नुकत्याच बाहेर गेलेल्या फोननें पहारेकऱ्याची आठवण ताजी झालेली असते. पेटी बंद करून पुन्हां चालू केली, तरी नवी हजेरी लागून थोडा वेळ सर्व ठीक दिसतें. म्हणून परीक्षा घ्यावी ती दहा-पंधरा मिनिटें सारीं यंत्रें स्वस्थ ठेवून, आणि दुकानाच्या वाय-फायवर नसलेल्या मोबाइलवरून. अशा परीक्षेंतच आमचें खरें दुखणें सांपडलें.

उपाय सोपा निघाला. पेटीनें दर २५ सेकंदांनीं कंपनीकडे एक छोटासा निरोप पाठवावा, अशी योजना केली. पहारेकऱ्यास विसरावयास वेळच राहिला नाहीं. हजेरीची मुदतही कमी केली. शिवाय राउटरमधील 'एस. आय. पी. ए. एल. जी.' नांवाची सोय बंद केली. ती फोनच्या निरोपांतील पत्ते आपल्या बुद्धीनें बदलते, आणि पुष्कळदां चुकीचे करून ठेविते.

परंतु प्रत्येक दुकानाचें दुखणें हेंच असेल असें नाहीं. म्हणून शोधाची रीति सांगतों. बाहेरून फोन करावा आणि त्याच वेळीं पेटींतील नोंदवही उघडून पाहावी. आलेल्या फोनची नोंद तेथें उमटली नाहीं, तर दोष पेटीच्या बाहेर आहे: हजेरी, राउटर किंवा कंपनी. कांहीं कंपन्या हजेरी न घेतां एका ठरविलेल्या इंटरनेट-पत्त्यावरच फोन पाठवितात. वीज जाऊन आल्यावर तो पत्ता बदलला, तर फोन जुन्याच दारीं जात राहतात. नोंद उमटली, पण घंटा वाजली नाहीं, तर दोष पेटींत आहे. अशा एका प्रश्नानें अर्धें रान कमी होतें.

पेटींतील दोष बहुधा क्षुल्लक असतात. कंपनी क्रमांक +९१ लावून पाठविते, आणि पेटींत तो ० लावून लिहिलेला असतो. दोन्ही एकच आहेत हें पेटीला समजत नाहीं. दुसरा दोष घड्याळाचा. पेटी ग्रिनिचच्या वेळेवर राहिली, तर ती आपल्यामागें साडेपांच तास असते. सकाळीं १० वाजतां उघडणारें दुकान तिच्या लेखीं दुपारीं ३॥ वाजतां उघडतें, आणि तोंवर प्रत्येकास 'दुकान बंद आहे' असें ऐकूं येतें. कधीं कोणी यंत्रावरील 'त्रास देऊं नका' हें बटण दाबून विसरलेला असतो. कधीं एका वेळीं दोनच संभाषणांची सोय घेतलेली असते आणि तिसऱ्यास गुंतल्याचा सूर मिळतो. घंटा वाजते, पण आवाज एकाच बाजूस पोंचतो, असें झाल्यास आवाजाची वाट तपासावी. फोन आल्याची वर्दी एका वाटेनें येते आणि आवाज दुसऱ्या.

एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. फोन येत नाहीं म्हणून वैतागून कोणी राउटरचीं सर्व दारें सर्वांना उघडीं करून देतात. असें कदापि करूं नये. चोर त्या दारानें शिरून आपल्या खर्चानें परदेशीं फोन करतात, आणि बिल आपल्या नांवें येतें. दार उघडावें तें फक्त आपल्या कंपनीच्या पत्त्यांपुरतें. एका वेळीं एकच बदल करावा, तो लिहून ठेवावा आणि मग पुन्हां परीक्षा घ्यावी. तसेंच पेटीशीं संबंध तुटल्यास फोन आपोआप मालकाच्या मोबाइलवर जावा, अशी सोय कंपनीकडे मागून घ्यावी.

माझ्या विद्यार्थ्याचा फोन आतां येतो. त्या वृद्ध शेतकऱ्याचा माल मात्र गेला तो गेलाच. तेव्हांपासून रोज सकाळीं दुकानांतून पहिला फोन बाहेर जाण्यापूर्वीं, त्याचा मुलगा घरून आपल्या मोबाइलवरून दुकानाला एक फोन करतो आणि लागला कीं वहींत खूण करतो. ज्यांच्या घरीं धंदा आहे, त्यांनीं ही हजेरी अवश्य घ्यावी. आपला फोन आपण आंतून तपासतों. गिऱ्हाईक तो बाहेरून तपासत असतें.