कुतूहल : फोन आला, मासळी फेकणं थांबलं

आठवडे बाजार उठताना कोथिंबिरीच्या जुड्या मातीमोल जातात किंवा तिथंच पडून राहतात. त्याच संध्याकाळी चार कोसांवरच्या गावात मात्र जुडी शोधून मिळत नाही. माल आहे, गिऱ्हाईक आहे. गाठच पडत नाही.

ही गाठ फोन कशी घालून देतो, हे रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञानं केरळच्या किनाऱ्यावर मोजून दाखवलं. तिथली तारली मासळी चटकन नासते. सकाळचा बाजार काही तासांचाच. डिझेल जाळून दुसरं बंदर गाठावं, तर तिथंही बोटींची गर्दी असण्याची भीती. म्हणून होडी आपली नेहमीच्याच किनाऱ्याला लागायची. १४ जानेवारी १९९७ रोजी बडगारा इथं ११ मच्छीमारांची मासळी गिऱ्हाइकाविना वाया गेली. आणि १५ किलोमीटरच्या आत २७ खरेदीदार मासळीविना परतत होते! हा आकडा वाचून आजही जीव हळहळतो.

त्याच वर्षी तिथं मोबाइल सेवा येऊ लागली. किनाऱ्यालगतच्या टॉवरचा सिग्नल समुद्रात २०-२५ किलोमीटर पोचायचा. मग मच्छीमार भर समुद्रातूनच बंदरांवर फोन करायचे, भाव विचारायचे आणि मगच होडी वळवायचे. वेगवेगळे हौद नळीनं जोडले की पाणी एका पातळीला येतं, तसे गावोगावचे भाव जवळ आले. मासळी फेकणं जवळपास थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, तरी ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की ज्यांच्या होडीत फोन नव्हता त्यांचाही फायदा झाला.