बहिरी ससाणा आणि कबुतरबाजांचे गाऱ्हाणे

१९६० साली ब्रिटनमधल्या कबुतरबाजांनी सरकारदरबारी गाऱ्हाणे घातले. बहिरी ससाणे फार माजले आहेत, आमची शर्यतीची कबुतरे मारतात, तेव्हा त्यांना दिलेले कायद्याचे संरक्षण काढून घ्या, अशी त्यांची मागणी होती.

ससाणा कबुतरे मारतो, यात खोटे काही नव्हते. उंचावर घिरट्या घालत किंवा कड्याच्या टोकावर बसून तो वाट पाहतो, आणि खालून पक्षी जाताना दिसला की पंख अंगालगत मिटून सूर मारतो. या सुरात त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. एवढा वेग दुसरा कोणताही प्राणी गाठत नाही. पंजाच्या तडाख्याने सावज हवेतच कोलमडते. तरीही जीव उरलाच, तर चोचीच्या कडेवरच्या दातासारख्या टोकाने ससाणा त्याची मान मोडतो. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर वीण करणारा शाहीन हा याच जातीचा, आणि हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडून येणारे पाहुणे ससाणेही याच जातीचे.

कबुतरांपायी या पक्ष्याने आधीही मार खाल्ला होता. दुसऱ्या महायुद्धात विमाने कोसळली तर निरोप धाडता यावा म्हणून वैमानिक कबुतरे बरोबर नेत. ती वाटेत मारली जाऊ नयेत यासाठी सुमारे ६०० ससाणे सरकारी हुकमाने मारले गेले.

आता मात्र सरकारने आधी मोजदाद करायचे ठरवले. १९६१ मध्ये ते काम डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञाकडे आले. ससाण्याच्या एका सवयीने ते सोपे केले. हा पक्षी घरटे बांधत नाही. कड्याच्या कपारीत मातीचा उथळ खळगा उकरून मादी त्यात तीन-चार तांबूस ठिपक्यांची अंडी घालते. महिनाभर बहुतेक वेळ तीच उबवते. आकाराने लहान असलेला नर शिकार आणून अनेकदा हवेतच तिच्या स्वाधीन करतो. चांगली कपार पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहते. त्यामुळे कोणत्या कड्यावर जोडी असायची याच्या जुन्या नोंदी होत्या; फक्त जाऊन पाहायचे होते.

पाहिले, तर कडे ओस पडलेले. १९६३ पर्यंत संख्या युद्धापूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आली होती. गाऱ्हाणे माजल्याचे, आणि पक्षी मात्र संपत चाललेला!

रॅटक्लिफ यांना आणखी एक गोष्ट खटकत होती. दहा-बारा वर्षे त्यांना कपारींत फुटलेली अंडी दिसत होती. एकदा तर मादीच स्वतःचे अंडे खाताना आढळली. कवच पातळ झाले असेल का? पण तुलनेला जुनी अंडी हवीत. ती मिळाली अंडी जमवणाऱ्या छांदिष्टांच्या पेट्यांत आणि संग्रहालयांत. ज्या छंदाने ससाण्यांचे नुकसानच केले, त्याचे या एका बाबतीत आभार मानावे लागतात. बारीक भोक पाडून आतला बलक काढलेला, पण कवच शाबूत आणि वर तारीख लिहिलेली. रॅटक्लिफ यांनी प्रत्येक कवचाचे वजन घेऊन त्याला लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागले. १९६७ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आला: १९४७ च्या सुमारास कवच एकाएकी हलके झाले होते, जवळजवळ एकपंचमांशाने.

डीडीटीचा सर्रास वापर सुरू झाला तो नेमका याच काळात. शरीरात डीडीटीपासून डीडीई तयार होते. ते चरबीत साठते आणि कवच घडवणाऱ्या ग्रंथीला पुरेसे कॅल्शियम मिळू देत नाही. आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडे चिरडते. याखेरीज पेरणीच्या बियाण्याला डिल्ड्रिनसारखी जहाल औषधे चोळली जात. ते दाणे कबुतरे खात आणि कबुतरांना ससाणे. त्यात मोठे पक्षीही सरळ मरत.

पुढे ब्रिटनमध्ये टप्प्याटप्प्याने ही विषे बंद झाली. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबवला गेला, हिवतापाच्या डासांवरची फवारणी मात्र चालू राहिली.

२०१४ च्या गणनेत ब्रिटनमध्ये ससाण्यांच्या सतराशेहून अधिक जोड्या भरल्या, म्हणजे युद्धापूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. काही जोड्या आता लंडनच्या उंच इमारतींवर पिले वाढवतात. खाली चौकात कबुतरांची वाण नाही. आणि कबुतरबाजांचे गाऱ्हाणे पुन्हा सुरू झाले आहे.