सहासष्ट फूट तार : आपल्या शाळेचे रेडिओ केंद्र

गेल्या दोन वर्षांत शाळेला भेट देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "सर, टॉवर कुठे आहे?" मैदानाच्या कडेला उभा असलेला जीआय पाइपचा खांब आणि त्याच्या माथ्यावरून दोन बाजूंना उतरत गेलेली तांब्याची तार मी दाखवतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा लपत नाही. रेडिओ केंद्र म्हटले की आकाशात घुसलेला लोखंडी मनोरा डोळ्यांसमोर येतो. काहींनी तर वर्गणीची तयारीही दाखवली : साठ फुटी टॉवर उभारू आणि पायथ्याशी देणगीदारांच्या नावांची फरशी बसवू. त्यांच्या आपुलकीविषयी शंका नाही. परंतु तो टॉवर आज का नको आणि ही साधी तार का पुरते, हे एकदा सविस्तर सांगणे आवश्यक होते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते सांगतो.

प्रथम, हे केंद्र हवे तरी कशाला? त्यासाठी २६ जुलै २००५ हा दिवस आठवावा लागतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, भिवंडी शहर पाण्यात गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. इकडे गणेशपुरीत आम्ही तानसेच्या पुराकडे पाहत बसलो होतो. रस्ता पाण्याखाली, वीज गेलेली, दूरध्वनी मुका. मोबाइलचे मनोरे जागच्या जागी उभे होते, पण संदेश जात नव्हता. वसतिगृहातील मुले सुखरूप होती, कोठीत धान्य होते, स्वयंपाकघरात चूल पेटत होती. ही एवढीच गोष्ट कल्याण, उल्हासनगर, चेंबूर येथील पालकांना कळवायची होती आणि ती कळवता येत नव्हती. तिसऱ्या दिवशी एक वडील चिखल तुडवीत, बरेचसे अंतर पायीच कापून आले. मुलाला पाहिले, ओट्यावर बसले आणि कितीतरी वेळ बोललेच नाहीत. परतताना त्यांच्या खिशात मी इतर आठ पालकांसाठी चिठ्ठ्या घातल्या. त्या काळात आपल्याकडे संदेशवहनाचे तेवढेच साधन होते.

हौशी रेडिओ, ज्याला जगभर हॅम रेडिओ म्हणतात, तो अशा वेळी उपयोगी पडतो. कारण त्याच्या दोन टोकांच्या मध्ये कोणतीही कंपनी, केबल किंवा एक्स्चेंज नसते. या टोकाला एक संच, बारा व्होल्टची बॅटरी आणि तार. त्या टोकालाही तेवढेच. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालक तेथे पोहोचले होते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद यांचे पथक याच छंदासाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. छंद तत्काळ बाजूला ठेवून त्यांनी बेटांवरील लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले.

आता तारेकडे वळतो. मी इतिहासाचा विद्यार्थी, विज्ञानाचा नव्हे. म्हणून मला ही तार समजली ती १९४२ च्या वाटेने. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत भूमिगत 'काँग्रेस रेडिओ' सुरू झाला आणि १२ नोव्हेंबरला महालक्ष्मीजवळील 'पॅराडाइज' बंगल्यावर छापा पडेपर्यंत चालला. निवेदन करणाऱ्या उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. त्यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. प्रक्षेपक जुळवण्यात नरिमन प्रिंटर या मुंबईतील हौशी रेडिओचालकाचा हात होता. (बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि 'छोडो भारत'ला त्यांचा पाठिंबा नव्हता, हे मी वर्गात सांगतो आणि इथेही सांगतो. इतिहास शिकवणाऱ्याने आपल्या सोयीचे तेवढेच उचलू नये.) मला त्या प्रकरणात रस आहे तो एका आकड्यासाठी. ते केंद्र आपली तरंगलांबी जाहीर करीत असे : ४२.३४ मीटर.

तरंगलांबी म्हणजे लाटेच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर. ३०० ला ४२.३४ ने भागले की ७.०८५ मेगाहर्ट्झ ही वारंवारता मिळते. आज भारतात हौशी रेडिओचालकांना ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ हा जो पट्टा दिलेला आहे, त्याच्या जवळजवळ मधोमध ती येते. म्हणजे आपली मुले संध्याकाळी ज्या पट्ट्यावर कान लावून बसतात, तोच हा पट्टा.

तार लाटेच्या निम्म्या लांबीची असली की ती लाटेला सर्वांत चांगली साद देते. प्रत्यक्ष तारेत लहर थोडी हळू चालते आणि टोकांचाही परिणाम होतो, म्हणून निम्म्याहून सुमारे पाच टक्के कमी घ्यावी लागते. सोपे सूत्र असे : १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येते. ७.०८५ साठी ते २०.१८ मीटर, म्हणजे ६६ फूट. ही तार बरोबर मध्ये तोडून दोन भुजा करायच्या, मध्ये इन्सुलेटर बसवायचा आणि तेथून कोॲक्सियल केबल खाली संचापर्यंत आणायची. एवढ्याला डायपोल म्हणतात. १९४२ मध्ये पकडले जाऊ नये म्हणून केंद्राची जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागे. पोलीस वळत्या अँटेनाने दोन ठिकाणांहून आवाजाची दिशा मोजत आणि त्या दोन रेषा जिथे छेदतील तिथे घर शोधत. जागा बदलली की अँटेनाही नव्याने बांधणे आले. ज्यांनी एकदा तरी गच्चीवर अशी लांब तार ताणली आहे, त्यांनाच त्या कामाचा जाच कळेल.

आपण ही तार उलट्या 'व्ही'च्या आकारात बांधली आहे. मधला इन्सुलेटर खांबाच्या माथ्यावर ११ मीटरवर. दोन्ही टोके तिरपी उतरून जमिनीपासून चार मीटरवर, आणि पुढे नायलॉनचा दोर खुंटाला. या आकाराला एकच खांब लागतो आणि दोन्ही बाजूंना मिळून सुमारे २२ मीटर मोकळी जागा पुरते. दोन भुजांमधला कोन काटकोनाहून लहान होऊ द्यायचा नाही. टोके हाताला लागतील इतकी खाली आणायची नाहीत, कारण प्रक्षेपण चालू असताना सर्वाधिक व्होल्टेज टोकांनाच असते आणि स्पर्श झाल्यास चटका बसतो. तार प्रथम हिशेबापेक्षा हातभर लांब ठेवावी. मग मीटर लावून दोन्ही भुजांकडून बोट-बोट कमी करीत जावे. आम्ही पहिल्याच दिवशी उत्साहात अधिक कापली. कापलेली तार पुन्हा वाढत नाही, तेव्हा डाग देऊन तुकडा जोडावा लागला. तो जोड अजून तेथे आहे.

अकरा मीटर ही उंची फार नव्हे, असे जाणकार म्हणतील. लांबच्या देशांशी बोलायचे असेल तर ते खरे आहे. परंतु आपली जागा पाहा. आपण तानसेच्या खोऱ्यात बसलो आहोत. पश्चिमेला तुंगारेश्वराची रांग, जवळच मंदाग्नीचा डोंगर. या पट्ट्यावरची कमी उंचीची तार आपली बरीचशी शक्ती सरळ वर फेकते. सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरील विद्युतभारित थर ती परत खाली वळवतो आणि ती छत्रीसारखी भोवतालच्या तीन-चारशे किलोमीटरांवर उतरते. वरून येणाऱ्याला डोंगर आडवा येत नाही. दिवसा पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथील चालकांचे आवाज असे डोंगरावरून आपल्या वर्गात येतात. रात्री तो थर विरळ होतो. मग जवळचे आवाज मावळतात आणि दूरचे उमटू लागतात. पुराच्या वेळी आपल्याला दूरचे देश नको आहेत, कल्याण हवे आहे, किंवा कल्याणला फोन करू शकेल असे पुणे.

टॉवरची गरज पडते ती दुसऱ्या पट्ट्यासाठी. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी दृष्टिरेषेत चालतात. त्यांचे क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचे तर उंचीच्या मीटरचे वर्गमूळ घेऊन ४.१२ ने गुणावे. बारा मीटर उंचीला सपाट मुलखात सुमारे १४ किलोमीटर मिळतात. हे अंतर दुप्पट करायचे तर उंची चौपट, म्हणजे ४८ मीटर करावी लागते. आणि आपला मुलूख सपाट नाही. साठ फुटी टॉवर म्हणजे साधारण १८ मीटर. त्यावरून तुंगारेश्वराच्या पलीकडचे काही दिसणार नाही. देणगीदारांची फरशी मात्र रस्त्यावरून दिसेल. माझे मत कोणाला कडू लागल्यास क्षमा असावी.

टॉवर उभारणे सोपे आहे, त्याला उभे ठेवणे कठीण. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून खांबाला तीन दिशांनी, समान अंतराने, दोन पातळ्यांवर ताणाच्या तारा हव्यात आणि त्यांचे खुंट खांबाच्या उंचीच्या पाऊणपट दूर, सिमेंट काँक्रीटमध्ये रोवलेले हवेत. हे ज्ञान आम्हाला पुस्तकातून मिळाले नाही. आमचा पहिला खांब बांबूचा होता. त्याचा एक ताण आम्ही गुलमोहराला बांधला होता. मेअखेरच्या वादळात झाड डोलले, ताण कधी सैल तर कधी घट्ट होत राहिला आणि मध्यरात्री खांब शेताच्या बांधावर आडवा झाला. दैवाने नव्हे, केवळ वाऱ्याच्या दिशेने आम्हाला वाचवले. दुसऱ्या बाजूला विजेची तार होती. त्या सकाळी मी मैदानात उभा राहून अंतर पावलांनी मोजले आणि मुलांसमोर खाली मान घातली. आता नियम असा आहे : खांब कोणत्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचता कामा नये, आणि उंचीच्या दीडपट अंतर सुटल्याशिवाय खड्डा खणायचा नाही. झाडाला दोर बांधणे भागच पडले तर दोर कप्पीवरून सोडून त्याच्या टोकाला वाळूची पिशवी टांगावी. झाड हलेल, पिशवी वर-खाली होईल, तार तुटणार नाही.

आपल्या भागातील चार महिन्यांचा पाऊस जोडांमध्ये शिरतो आणि एकदा केबलमध्ये पाणी गेले की ती फेकून द्यावी लागते. प्रत्येक जोडावर चिकट रबरी टेप आणि केबल खोलीत येण्यापूर्वी तिला खाली झोका, म्हणजे थेंब तेथेच गळतात. वीज कडाडते ती वळवाच्या आणि परतीच्या पावसात अधिक. खांबाला स्वतंत्र अर्थिंग आहे आणि ते इमारतीच्या अर्थिंगशी जाड तारेने जोडलेले आहे. तरीही थेट पडणाऱ्या विजेपुढे त्याचा भरवसा धरू नये. ढग दिसले की केबल संचापासून काढून खिडकीबाहेर ठेवायची. हे काम रोज एका विद्यार्थ्याकडे असते आणि फळ्यावर त्याचे नाव लिहिलेले असते.

खांबावर अठरा वर्षांखालील कोणीही चढत नाही. चढतात ते आपले माजी विद्यार्थी, जे वायरमनचे काम करतात. वर चढणारे हात वेगळे आणि माइकपुढे बसणारा वेगळा, असे येथे होऊ द्यायचे नाही, हे आम्ही आरंभीच ठरवले. त्यांच्यापैकी दोघे आता परीक्षेचा अभ्यास करीत आहेत.

ती परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची. बारा वर्षांवरील कोणालाही देता येते. श्रेणी दोन : मर्यादित आणि सामान्य. मर्यादित श्रेणीच्या कॉल साइनचा आरंभ व्हीयू३ ने होतो, सामान्यचा व्हीयू२ ने. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे गुन्हा आहे. व्यापार, जाहिरात, संगीत यांना येथे स्थान नाही. मी पन्नाशीत परीक्षेला बसलो आणि पहिल्या वेळी ओहमच्या नियमावर नापास झालो. माझ्याबरोबर बसलेली नववीतील मुलगी उत्तीर्ण झाली. दुसऱ्या वेळी तिने मला शिकवले.

तेव्हा ज्यांना देणगी द्यायची आहे त्यांनी टॉवरसाठी देऊ नये. आपल्याला हवे आहे ते असे : दुसरी बॅटरी आणि ती भरण्यासाठी सौर पॅनेल, परीक्षा शुल्क, आणि कल्याण-उल्हासनगरकडे राहणारे दोन-तीन पालक किंवा माजी विद्यार्थी, जे स्वतः परवाना घेऊन घराच्या गच्चीवर सहासष्ट फूट तार बांधतील. या टोकाला तार असून त्या टोकाला कोणी नसेल तर २००५ सारख्या रात्री आम्ही पुन्हा चिठ्ठ्याच लिहू.

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी खांब उतरवून दोर बदलतो, जोड तपासतो आणि ताण पुन्हा कसतो. सकाळी सातला, ऊन चढण्यापूर्वी सुरुवात होते. येणाऱ्यांनी बूट घालून यावे. शिडी शाळेची आहे; कमरेचे सुरक्षा पट्टे मात्र दोनच आहेत.